बारावीनंतरची पोरं, पहिलं सेमिस्टर आणि व्हॉट्सॅप ग्रुप : नीट कसा चालवायचा? (सांगली-सातारा)

विश्रामबागकर (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न नेमका आहे. ज्युनिअर कॉलेजात वर्गशिक्षक असतात, सूचना वर्गात वाचून दाखवतात, चुकलं तर घरी फोन जातो. पदवीला आलं की सूचना फलकावर, अर्ज पोर्टलवर, पैसे ऑनलाइन, आणि विचारायचं कुणाला ते कुणीच सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जी गळती होते ती अभ्यास अवघड म्हणून कमी आणि कुठलीतरी तारीख हुकली म्हणून जास्त.

बी.एस्सी. आणि बी.कॉम. मिळून साधारण २४० मुलं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची १२ मुलं-मुली मदतीला, तीन प्राध्यापक. निम्मी मुलं सांगली-मिरजेची, बाकी तासगाव, कवठेमहांकाळ, जत, आटपाडीकडची. प्रवेशाच्या दिवसापासून पहिल्या परीक्षेचा अर्ज भरेपर्यंत त्यांना धरून ठेवायचं आहे.

एकच मोठा ग्रुप की छोटे छोटे? व्हॉट्सॅप की टेलिग्राम? इन्स्टावर पेज काढून काही होतं का, की नुसते रील्स? कोणती गोष्ट कधी सांगायची? "सोशल मीडियाचा प्रभावी वापर" छाप निबंध नकोत. कुठं बिघडतं आणि का, ते सांगा.

अजिंक्यतारा | सोमवार, रात्री १०:१५

२४० जणांचा बोलता ग्रुप काढू नका. व्हॉट्सॅप ग्रुपात १०२४ माणसं मावतात, पण मावतात म्हणून भरायची नसतात. सकाळी अकराला तुम्ही टाकणार, 'शुक्रवारी चारपर्यंत खिडकी क्र. ३ वर मूळ टीसी जमा करा'. त्याखाली शंभरेक 'ओके सर', पन्नास अंगठे, वीस 'सर मी आज गावी आहे' आणि एकाचा वाढदिवस. दुपारी दोनला एसटीतून उतरून जो फोन उघडतो त्याला दिसतो केक.

दोन थर करा. वरचा एकतर्फी : सेटिंगमध्ये 'मेसेज फक्त अ‍ॅडमिन पाठवतील' करून टाका, किंवा सरळ चॅनेल काढा. तिथं दिवसाला जास्तीत जास्त दोन सूचना. खालच्या थरात २०-२० चे बारा गट, प्रत्येकाला एक सिनिअर आणि तीन प्राध्यापकांपैकी एक जण अ‍ॅडमिन. प्रश्न खाली विचारायचा, उत्तर खालीच द्यायचं. तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या गटांत आला तरच उत्तर वर चढवायचं.

गट हजेरीक्रमाने पाडू नका, एसटीच्या मार्गाप्रमाणे पाडा. जत-कवठेमहांकाळ वेगळा, आटपाडी-विटा वेगळा, तासगाव वेगळा. एका गाडीला येणाऱ्या मुली एकमेकींना आधीच ओळखतात, एकीला कळलं की चौघींना कळतं. ज्याचा फोन बंद आहे त्याला निरोप पोचवायलाही हाच गट उपयोगी.

भडंग_स्पेशल | सोमवार, रात्री १०:१८

ओके सर.

कंदीपेढा | सोमवार, रात्री १०:१९

सर मी आज गावी आहे.

माणदेशी | सोमवार, रात्री ११:०२

वरचं सगळं बरोबर, पण त्याच्याही आधीची पायरी राहिली. अर्जावरचा नंबर म्हणजे विद्यार्थ्याचा नंबर असं धरून चाललात तर पहिल्याच दिवशी फसाल. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात बऱ्याचदा अर्ज महा-ई-सेवा केंद्रवाला भरतो. ओटीपी पटकन हाताशी यावा म्हणून नंबर कधी त्याचाच, कधी वडिलांचा, कधी पुण्याला कामाला असलेल्या भावाचा. तुमची सूचना जाते हिंजवडीला आणि पोरगं बसतं म्हसवडला.

प्रवेशाच्या टेबलावर एक ओळ वाढवा : 'व्हॉट्सॅप असलेला फोन दिवसा कोणाच्या हातात असतो?' उत्तरं चारच येतात, माझ्या, आईच्या, वडिलांच्या, भावाच्या. पहिलं सोडून बाकी सगळ्यांपुढं लाल खूण करायची आणि त्याच गाडीने येणाऱ्या एका जोडीदाराचं नाव शेजारी लिहायचं. बहुतेक ठिकाणी फोन पोराच्या हातात येतो तो वडील शेतातून आल्यावर, म्हणजे संध्याकाळी सातनंतर. महत्त्वाची सूचना सात ते साडेआठच्या मध्येच टाका. सकाळी दहाला टाकून 'वाचलं नाही का?' विचारण्यात अर्थ नाही.

आणि फलकाचा फोटो टाकणं बंद करा राव. वाकडा, अर्धा सावलीत, प्राचार्यांची सही ठळक आणि तारीख अंधारात. फोटोतला मजकूर शोधून सापडत नाही. टाइप करा, तेही युनिकोडात. ऑफिसातलं जुन्या फॉन्टमधलं पत्र तसंच चिकटवलं की अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसतात. पीडीएफ द्यायचीच असेल तर स्कॅनर १५० डीपीआयवर ठेवा, रंगीत नको. ६०० डीपीआयचं रंगीत चार पानी पत्रक पंधरा-वीस एमबीच्या घरात जातं.

मेढेकर | मंगळवार, सकाळी ७:५०

माणदेशींना +१. पाटण-जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या फुगवट्याच्या कडेच्या गावांत मजकूर अडकत अडकत का होईना पोचतो, व्हिडिओ नुसता गोल फिरत राहतो. सूचना शब्दांतच. रील सजावटीला.

टीसी_खिडकी | मंगळवार, सकाळी ११:३०

ऑफिसच्या बाजूने लिहितो. कोणती गोष्ट कधी, या प्रश्नाला खरं उत्तर कागदपत्रांच्या क्रमाने येतं.

निकालाच्या आठवड्यात : टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत एकदाच मिळते, हरवली तर पुढची 'दुय्यम प्रत' असा शेरा घेऊनच येते. जमा करण्याआधी तिच्या चार-पाच साक्षांकित झेरॉक्स आणि एक स्कॅन. बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते, ती उतरवून ठेवायला आत्ताच सांगा. दुसऱ्या बोर्डातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला मायग्रेशन (स्थलांतर प्रमाणपत्र) लागतं. आपल्याकडची कोल्हापूर विभागीय मंडळातून येणारी पोरं उगीच त्यासाठी पळत सुटतात. कारण कुठल्यातरी ग्रुपवर कुणीतरी 'मायग्रेशन कंपल्सरी' एवढंच टाकलेलं असतं.

प्रवेशाच्या आठवड्यात : नॉन-क्रीमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचं घेऊन आलेली मुलं दरवर्षी खिडकीवरून परत जातात. 'मुदत बघा' असं लिहू नका, 'दाखल्याच्या खालच्या बाजूला "पर्यंत वैध" या शब्दांपुढची तारीख वाचा' असं लिहा. जात वैधता बारावीत असतानाच अर्ज करून मिळवायची गोष्ट आहे, जूनमध्ये सांगून उपयोग नाही. म्हणजे हा निरोप तुमच्या ग्रुपवर नाही, बारावीच्या वर्गांवर जानेवारीच्या आत गेला पाहिजे.

नंतर शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अकरावी-बारावीला ज्यांनी अर्ज केला होता त्यांनी नवीन प्रोफाइल काढायचं नाही, जुन्याच यूजर आयडीने जायचं. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं खातं काढलं की अर्ज लटकतो आणि मग सोडवायला महिने जातात. फाइल २५६ केबीच्या आत. अर्ज 'सबमिट' झाला म्हणजे संपला असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला येतो, तिथून परत पाठवला तर दुरुस्ती करून पुन्हा पाठवावा लागतो. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्थिती बघा, ही आठवण दर सोमवारी टाका, तीच तीच वाटली तरी.

आणि पैसे. 'माझं आधार बँकेला जोडलेलं आहे' म्हणजे पैसे तिथंच येतील असं नसतं. थेट लाभ जातो तो आधारशी एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ज्या बँकेचं नाव आहे तिथं, आणि ती नोंद सगळ्यात शेवटी जिथं केली त्या बँकेची असते. शाळेत असताना काढलेलं शून्य शिलकीचं खातं दोन वर्षं व्यवहार नसला की निष्क्रिय होतं. ग्रुपवर टाकायचं वाक्य असं : 'बँकेत जाऊन विचारा, माझं खातं डीबीटीसाठी आधार सीडेड आहे का, आणि चालू आहे का.' दोन्ही प्रश्न. एकच विचारला की साहेब एकाचंच उत्तर देतात.

एक गोष्ट कडक : कुणाचंही आधार, मार्कलिस्ट, पासबुक ग्रुपवर मागवायचं नाही. 'सर बघा बरोबर आहे का' म्हणून पोरं आपणहून टाकतात. अ‍ॅडमिनने लगेच उडवायचं, मग समजवायचं. उलट क्रमाने नको.

भडंग_स्पेशल | मंगळवार, दुपारी १२:०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). खिडकीच्या आतून एवढं सविस्तर उत्तर पहिल्यांदाच मिळालं, नाहीतर 'जेवणाची सुट्टी' एवढंच ऐकू येतं. (हलके घ्या.)

टीसी_खिडकी | मंगळवार, दुपारी २:३५

जेवण झालं. विचारा.

हळदबाजार | मंगळवार, दुपारी ३:१०

सगळे व्हॉट्सॅपलाच का चिकटून बसलेत? टेलिग्रामवर नंतर आलेल्याला सुरुवातीपासूनचे सगळे मेसेज दिसतात. तिसऱ्या फेरीत प्रवेश मिळालेला पोरगा जुलैत येणार, त्याच्यासाठी हे सोन्यासारखं आहे. फोन नंबर लपवता येतो. एकाच ग्रुपात विषयवार कप्पे करता येतात, शिष्यवृत्ती वेगळा, वेळापत्रक वेगळा, हॉस्टेल-मेस वेगळा. २ जीबीपर्यंतची फाइल जाते. स्लो मोड लावला की एकाला दोन मेसेजमध्ये दहा सेकंदांपासून एक तासापर्यंत थांबावं लागतं, म्हणजे 'ओके सर'चा बंदोबस्त आपोआप. सीईटीच्या नोट्ससाठी निम्मी पोरं आधीच तिथं आहेत.

अजिंक्यतारा | मंगळवार, दुपारी ४:००

मुद्दे खरे, निष्कर्ष चुकला. पोरं टेलिग्रामवर आहेत ती पीडीएफ आणि सिनेमे उतरवायला. त्यांच्या यादीत तीस चॅनेलं असतात आणि सगळी म्यूट. तुमची सूचना एकतिसावी. आणि आई-वडील तिथं नाहीत. माणदेशींच्या लाल खुणावाल्या मुलांपर्यंत टेलिग्राम पोचतच नाही.

शिवाय टेलिग्रामचा खुला ग्रुप दोन दिवसांत 'घरबसल्या रोज ३००० कमवा'वाल्यांनी भरतो.

हळदबाजार | मंगळवार, दुपारी ४:२०

खुला ठेवायला सांगितलंय कुणी? खासगी दुव्यावर ठेवा. मी म्हणतोय बोलायला व्हॉट्सॅप वापरा हो, पण साठवण टेलिग्रामवर ठेवा. व्हॉट्सॅपवर पिन करता येतात फक्त तीन मेसेज, तेही जास्तीत जास्त तीस दिवस. जूनमधली शिष्यवृत्तीची सूचना ऑगस्टमध्ये शोधून दाखवा.

सदरबझार | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

साठवणीसाठी टेलिग्राम तरी कशाला? वेबवर एक साधं पान ठेवा, सगळ्या सूचना तारखेनिशी, नवीन वर. त्याचा दुवा व्हॉट्सॅपच्या ग्रुप वर्णनात. कुठलंही अ‍ॅप नको, सायबर कॅफेतही उघडतं. मूळ मजकूर एकाच जागी असला की दुरुस्तीही एकाच जागी होते. नाहीतर तारीख बदलली की जुना मेसेज फॉरवर्ड होत फिरत राहतो आणि चूक कुणाची यावर भांडण.

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री ८:३०

तुम्ही सगळे सोयीचं बोलताय, मुलींच्या नंबरांचं कुणीच नाही. २४० च्या ग्रुपात प्रत्येक मुलीचा नंबर २३९ जणांना जातो, डीपीसकट. दुसऱ्या दिवसापासून 'हाय', 'कोणत्या गावची', आणि आठ दिवसांत मुलगी ग्रुप सोडते. तुमच्या हिशोबात ती 'निष्क्रिय'. घरी कळलं तर कॉलेजच बंद.

म्हणून चॅनेल बरा, तिथं एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. २० चे गट काढताना मुलींना विचारा, नुसत्या मुलींचा गट हवा का. हो म्हणाल्या तर काढा, त्यावर चर्चा नको. गटात घेण्याआधी दोन सेटिंग दाखवा : प्रोफाइल फोटो 'माझे कॉन्टॅक्ट्स' आणि 'मला ग्रुपमध्ये कोण जोडू शकतं' तिथंही 'माझे कॉन्टॅक्ट्स'. यानंतर कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या अ‍ॅडमिनने थेट जोडायला गेलं की जोडलं जात नाही, खासगी आमंत्रण जातं आणि ते ७२ तासांत संपतं. हे माहीत नसलं की 'मी जोडलं होतं, तीच आली नाही' असं होतं.

ग्रुपचा दुवा इन्स्टावर किंवा फलकावर चिकटवू नका. आधी क्लासवाले येतात, मग लॅपटॉप विकणारे, मग 'मॅनेजमेंट कोट्यातून सीट करून देतो' वाले. क्यूआर छापून फक्त प्रवेशाच्या टेबलावर ठेवा, 'नवीन सदस्यांना मान्यता' चालू ठेवा, नाव प्रवेशयादीशी ताडून मगच आत घ्या, आणि दर फेरीनंतर दुवा रीसेट करा.

नियमावली | मंगळवार, रात्री ९:२५

कृष्णाकाठचींच्या प्रतिसादाला जोडून कायद्याचं.

बारावी झालेली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराच्या आतला तो बालक, त्याची माहिती वापरायला पालकांची संमती. प्रवेशअर्जातच एक वेगळा चौकोन ठेवा : 'महाविद्यालयाच्या सूचनांसाठी हा क्रमांक वापरण्यास संमती', खाली पालकांची सही. इन्स्टाचंही तसंच, अठराच्या आतल्यांच्या 'टीन अकाउंट'ला अनोळखी खात्यावरून मेसेज जात नाही. आधी मुलाने तुमचं पान फॉलो केलं पाहिजे.

दुसरं, सिनिअरांचे ग्रुप. २००९ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांनी दरवर्षी रॅगिंगविरोधी हमीपत्र द्यायचं असतं, ते ऑनलाइन भरलं की नोंदणी क्रमांक येतो. तो जपून ठेवायला सांगा. जुलै २०२५ मध्ये यूजीसीने कळवलं आहे की ज्युनिअरना गाठून त्रास देण्यासाठी काढलेले अनौपचारिक व्हॉट्सॅप ग्रुप हेही रॅगिंगच धरलं जाईल. महाराष्ट्रात तर १९९९ पासून वेगळा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तुमच्या १२ सिनिअरना हे आधी वाचून दाखवा, चांगल्या हेतूची पोरंही 'इंट्रोचा व्हिडिओ टाका रे' म्हणता म्हणता अडकतात.

तीन नियम : सिनिअरने ज्युनिअरला स्वतःहून खासगी मेसेज करायचा नाही, प्रत्येक गटात प्राध्यापक असल्याशिवाय गट सुरू नाही, रात्री नऊनंतर काही नाही. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन ग्रुपच्या वर्णनात पहिल्या ओळीत.

कंदीपेढा | मंगळवार, रात्री ९:३१

नियमावलीकाका, नऊ वाजून एकतीस झाले. धागा बंद करायचा का?

नियमावली | मंगळवार, रात्री ९:३३

तुम्ही सज्ञान आहात असं गृहीत धरून चाललो होतो.

क्रेडिट_कार्ड | बुधवार, सकाळी १०:१०

(आयडी योगायोगाने विषयाला धरून आहे.) कागदपत्रांवर खूप झालं. पोरं खरी बुचकळ्यात पडतात ती नव्या रचनेत. बारावीपर्यंत विषय ठरलेले. इथं विषयांचे प्रकारच वेगळे : मेजर (मुख्य), मायनर (दुय्यम), ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. पहिल्या आठवड्यात हे सगळं एका तक्त्यात टाकलं की कुणी वाचत नाही. रोज एक अक्षरसमूह, एक मेसेज, उदाहरणासकट.

ओईचं बघा. ओपन इलेक्टिव्ह आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यायचा असतो. फिजिक्सवाल्याने गणित निवडलं की अर्ज परत येतो. मेसेज असा हवा : 'तुम्ही बी.एस्सी.ला असाल तर ओई म्हणून विज्ञानाचा विषय चालणार नाही. कॉमर्स किंवा आर्ट्सच्या यादीतून एक निवडा. यादी खिडकी ५ समोर आणि पानावर. शेवटची तारीख अमुक, वेळ अमुक.'

क्रेडिट म्हणजे मार्क नव्हेत, हे किमान तीनदा सांगा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तास, प्रॅक्टिकलचं ३० तास. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट. प्रॅक्टिकल बुडवलं की किती जातं ते यावरून पोरांना लगेच कळतं. क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, त्यासाठी बारा अंकी अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) लागतो. आधारवरचं नाव आणि मार्कलिस्टवरचं नाव जुळलं नाही की तो निघत नाही. आपल्याकडे आडनाव आधी की नाव आधी, यावरच निम्मे अडतात. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून हे निकालाच्या आठवड्यात, ओईच्या आठवड्यात नव्हे.

सदरबझार | बुधवार, दुपारी १:१५

साताऱ्यात आणखी एक गुंता. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, कोल्हापूर, सांगली, सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्याकडे. पण साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठही आहे, रयत शिक्षण संस्थेची यशवंतराव चव्हाण सायन्स, छत्रपती शिवाजी आणि धनंजयराव गाडगीळ कॉमर्स ही तीन कॉलेजं मिळून. त्यात पुन्हा दोन्ही जिल्ह्यांत स्वायत्त कॉलेजं, ज्यांची परीक्षा आणि वेळापत्रक त्यांचं त्यांचं. पोवई नाक्यावर एकत्र चहा पिणाऱ्या तीन मित्रांच्या परीक्षा तीन वेगळ्या तारखांना असू शकतात.

फॉरवर्डचा सगळा घोळ इथून. 'परीक्षा पुढे ढकलली' असा मेसेज येतो, विद्यापीठाचं नाव नाही, वर्ष नाही, कधीकधी पुण्याचा असतो. म्हणून तुमच्या प्रत्येक सूचनेच्या पहिल्या ओळीत कॉलेज, अभ्यासक्रम, सेमिस्टर, शैक्षणिक वर्ष. ही ओळ नसलेलं काहीही फॉरवर्ड करायचं नाही.

सीमेवरची | बुधवार, दुपारी २:४०

जतचा उल्लेख झाला म्हणून. जत तालुक्याच्या पूर्व भागातली बरीच मुलं घरी कन्नड बोलतात, शाळाही काहींची कन्नड माध्यमाची. त्यांना मराठी समजतं, पण 'साक्षांकित', 'विहित नमुना', 'पृष्ठांकन' नाही समजत. इंग्रजीत टाकणं हा उपाय नाही. त्या गटात कन्नड येणारा सिनिअर द्या आणि मोठ्या सूचनेखाली त्याने तीस-चाळीस सेकंदांची व्हॉइस नोट टाकावी. चाळीसच्या वर गेली की ऐकत नाहीत. तारीख आणि रक्कम मात्र लेखीच.

खरं तर 'विहित नमुना' मिरजेच्या पोरांनाही समजत नाही, ती विचारत नाहीत एवढंच.

मेढेकर | बुधवार, दुपारी ३:०५

रच्याकने (जाता जाता), एसटी पास. मुलींचा अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास बारावीपर्यंतचा. जूनमध्ये पहिल्यांदा वाहक तिकीट मागतो तेव्हा कळतं. पुढे विद्यार्थी सवलतीचा मासिक पास, त्यात ६६.६७ टक्के सवलत, त्याला कॉलेजचा सहीशिक्क्याचा दाखला लागतो. पास निघेपर्यंतच्या दिवसांसाठी महिलांचं अर्धं तिकीट आहेच. मुलांनी मात्र पहिले आठ दिवस पूर्ण तिकिटाचे पैसे धरून ठेवायचे. हा मेसेज कॉलेज सुरू होण्याच्या चार दिवस आधी गेला पाहिजे आणि दाखल्याची खिडकी त्यात लिहिली पाहिजे.

भडंग_स्पेशल | बुधवार, दुपारी ३:२०

एवढ्या खिडक्या झाल्या की कॉलेजला भिंती आहेत का?

हळदबाजार | बुधवार, संध्याकाळी ५:३०

यावरून इन्स्टाचा खरा उपयोग सुचला. सूचना तिथं देऊच नका, स्टोरी चोवीस तासांत जाते. पण जागा दाखवायला इन्स्टासारखं काही नाही. गेटपासून खिडकी ३ पर्यंत चालत जाणारा वीस सेकंदांचा व्हिडिओ, गेटपासून केमिस्ट्री लॅब, एसटी स्टँडवरून कॉलेजला कोणत्या बाजूने बाहेर पडायचं. चेहरा नाही, गाणं नाही, नुसता रस्ता आणि त्यावर अक्षरं. हायलाइटमध्ये 'खिडक्या', 'लॅब', 'लायब्ररी' अशा नावांनी ठेवून द्या, वर्षभर राहतात. बायोत दुवा सदरबझार म्हणतात त्या पानाचा.

पैशांच्या फसवणुकीबद्दलही एक कायमची ओळ हवी : फी फक्त कॉलेजच्या पोर्टलवर किंवा काउंटरवर. ग्रुपवर आलेल्या क्यूआरवर नाही. 'स्कॉलरशिप' नावाची एपीके (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे.

अजिंक्यतारा | बुधवार, रात्री ८:१०

आता मोजायचं कसं, ते राहिलं. दोन निळ्या टिका म्हणजे कळलं असं नाही. पोल टाका, पण 'सूचना वाचली का? हो/नाही' असला पोल फुकट, नाही कोण दाबणार? पोल असा : 'टीसी : जमा केली / शुक्रवारी करणार / अजून मिळाली नाही / अडचण आहे'. कुणी काय दाबलं ते नावासकट दिसतं. जे काहीच दाबत नाहीत त्यांची यादी सिनिअरने रात्री काढायची.

२० च्या गटात असे तीन-चार निघतात. त्यांना पुन्हा मेसेज करायचा नाही, फोन करायचा. पहिल्या फोनला उचललं नाही तर त्याच गाडीच्या जोडीदाराकडून निरोप. तिसऱ्या आठवड्यात हजेरीपट आणि पोलची यादी शेजारी ठेवा. दोन्हीकडे नसलेली पाच-सहा नावं असतील. सगळा खटाटोप त्या नावांसाठी आहे, बाकीच्यांना सोशल मीडिया नसता तरी चाललं असतं.

टीसी_खिडकी | बुधवार, रात्री ८:२५

ती पाच-सहा नावं ऑफिसलाही द्या. बऱ्याचदा फीचा दुसरा हप्ता हेच कारण असतं, आणि 'कमवा आणि शिका' योजनेची यादी तेव्हा अजून भरायची असते. मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शुल्कमाफी आहे. बी.एस्सी.-बी.कॉम.वाल्या मुली ती आपल्यालाच आहे समजून फी भरायच्या थांबतात. हे आधीच स्पष्ट करा.

विश्रामबागकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री ९:०५

सर्वांना दंडवत. ठरलं ते असं. व्हॉट्सॅप चॅनेल एक, १२ गट एसटीच्या मार्गावर, त्यांतले मुलींनी मागितले तर वेगळे. साठवण वेबवरच्या पानावर, टेलिग्राम नाही (हळदबाजार, राग नसावा). इन्स्टा फक्त रस्ते दाखवायला. पहिल्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरला की गट बंद, पुढचं वर्गाच्या ग्रुपवर. बंदची तारीख पहिल्याच दिवशी सांगणार.

पिन करायच्या पहिल्या मेसेजचा मसुदा देतो, चिरफाड करा :

'बी.एस्सी./बी.कॉम. भाग १, सेमिस्टर १. प्रिय विद्यार्थ्यांनो, आपले हार्दिक स्वागत! आपण आपली आवश्यक ती सर्व कागदपत्रे लवकरात लवकर कार्यालयात जमा करावीत. आपला क्रमांक लक्षात ठेवावा. अडचण आल्यास संपर्क साधावा.'

टीसी_खिडकी | गुरुवार, रात्री ९:२०

शैक्षणिक वर्ष नाही. 'लवकरात लवकर' म्हणजे पोरं शेवटच्या दिवशी चार वाजता येतात. 'आवश्यक ती सर्व' म्हणजे कोणती? आणि 'आपला क्रमांक' कोणता? त्यांच्याकडे चार असतात. अर्ज क्रमांक प्रवेश होईपर्यंतचा. रोल नंबर वर्गातल्या हजेरीचा, दरवर्षी बदलतो. पीआरएन विद्यापीठाचा, पदवी संपेपर्यंत तोच. बैठक क्रमांक त्या त्या परीक्षेपुरता. परीक्षेच्या अर्जात पीआरएनच्या जागी रोल नंबर टाकणारे दरवर्षी निघतात, आणि निकाल राखीव राहिला की खिडकीशी येतात.

माणदेशी | गुरुवार, रात्री ९:३२

'संपर्क साधावा' कुणाशी? नाव आणि वेळ घाला. 'हार्दिक स्वागत' काढा, फोनच्या सूचनापट्टीत पहिल्या दोन ओळीच दिसतात, त्या स्वागतात गेल्या.

विश्रामबागकर (धागाकर्ता) | गुरुवार, रात्री १०:१०

दुसरा प्रयत्न :

'(महाविद्यालयाचं नाव), बी.एस्सी. भाग १, सेमिस्टर १, शैक्षणिक वर्ष (इथं लिहायचं).
शुक्रवार, दुपारी ४ पर्यंत, खिडकी ३ : मूळ टीसी, बारावी गुणपत्रिकेच्या २ झेरॉक्स, आधारची १ झेरॉक्स, २ फोटो.
टीसी अजून मिळाली नसेल तरी या, तसं लिहून द्यायचा कागद खिडकीवरच मिळेल.
चार क्रमांक वेगळे आहेत : अर्ज, रोल, पीआरएन, बैठक. वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी आखा, मिळेल तसा भरा.
प्रश्न आपल्या गटात, संध्या. ७ ते ८:३०. कागदपत्रांचे फोटो गटात टाकू नका.
रॅगिंग हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, पैशांची फसवणूक १९३०.'

बी.कॉम.चा वेगळा करतो, एकाच मेसेजात दोन नको.

टीसी_खिडकी | गुरुवार, रात्री १०:१६

आता चालेल. शुक्रवारी मोहरमची सुट्टी नाही ना, ते कॅलेंडर बघून घ्या आणि शुक्रवारपुढे तारीख लिहा. खिडकी ३ दुपारी दीड ते अडीच बंद असते, तेही.